रिम ग्राइंडिंग (सायकल)

रिम ग्राइंडिंग म्हणजे सायकलच्या रिमची ज्या बाजूवर ब्रेकचे रबर टेकते ती बाजू यंत्राने मुद्दाम खरवडून खडबडीत करणे. ही पद्धत मुख्यतः ट्रायल्स या क्रीडाप्रकारातील सायकलींसाठी वापरली जाते. सर्वसाधारण सायकलस्वार रिम जितकी गुळगुळीत आणि चकचकीत तितकी चांगली असे मानतो. ट्रायल्सचा खेळाडू नवी कोरी रिम विकत आणतो आणि तिच्यावर ग्राइंडर फिरवतो. हा विरोधाभास वरवरचा आहे. दोघांना ब्रेककडून हव्या असलेल्या गोष्टीच वेगळ्या आहेत.

मराठीत या क्रियेला रूढ असा स्वतंत्र शब्द नाही. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी पट्ट्याला ‘धाव’ म्हणतात. पण धाव रस्त्याला टेकते आणि सायकलची रिम टायरला धरून ठेवते, म्हणून तो शब्द येथे लागू पडत नाही. मात्र या क्रियेमागील कल्पना मराठी घरांना अपरिचित नाही. जाते किंवा पाटा-वरवंटा वापरून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेत. दगड खडबडीत झाला म्हणजे धान्य पकडीत येई, निसटत नसे. रिम खरवडताना हेच तत्त्व धातूवर वापरले जाते, आणि जात्याप्रमाणेच रिमलाही ही टाकी पुन्हा पुन्हा लावावी लागते.

== ट्रायल्समध्ये ब्रेकचे काम ==

ट्रायल्स म्हणजे खडक, ओंडके, भिंती, लाकडी खोकी अशा अडथळ्यांवरून जमिनीला पाय न टेकवता सायकल नेण्याचा खेळ. मोटारसायकलच्या ट्रायल्सवरून तो निघाला. स्पेनमध्ये माँतेसा मोटारसायकल कंपनीशी संबंधित असलेल्या पेद्रो पी यांनी मुलांच्या सायकलींवर या खेळाची पायाभरणी केली. त्यांचा मुलगा ओत पी पुढे या खेळातील विजेता म्हणून प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या (यूसीआय) विद्यमाने १९८६ पासून ट्रायल्सच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होत आहेत. २० इंची आणि २६ इंची चाकांच्या सायकलींचे गट वेगळे असतात. जुन्या गुणपद्धतीत पाय टेकला की एक दंडगुण मिळे आणि पाच दंडगुण झाले की तो टप्पा हातचा गेला असे धरले जाई. पुढे २००९ मध्ये स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील डॅनी मॅकआस्किल याच्या चित्रफितीमुळे शहरातील कठडे, पायऱ्या आणि कुंपणे यांवर खेळली जाणारी ट्रायल्स जगभर परिचित झाली.

या खेळात सायकल धावते थोडी आणि उभी राहते फार. खेळाडू मागच्या चाकावर उभा राहून जागच्या जागी उड्या मारतो, पुढचे चाक हवेत ठेवून तोल सावरतो, आणि एका खडकावरून दुसऱ्यावर झेपावतो. प्रत्येक उडीच्या आधी मागचे चाक पूर्णपणे जाम असावे लागते. झेपावण्याच्या क्षणी ते मोकळे करून पायडलला जोर द्यायचा आणि उतरताच पुन्हा जाम करायचे. खेळाडू हे सारे एका बोटाने करतो. चाक एक सेंटिमीटर जरी सरकले तरी तोल जातो. उंच भिंतीच्या काठावर असे झाले तर प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही. ट्रायल्सच्या सायकलीला बसायला सीट नसते किंवा असलीच तर नावापुरती असते, त्यामुळे मागे घसरणारा माणूस सरळ पाठीवर पडतो.

रस्त्यावरच्या सायकलीचा ब्रेक वेग हळूहळू कमी करण्यासाठी असतो. त्याला दाबाच्या प्रमाणात वागावे लागते आणि घाटातल्या लांब उतारावर निर्माण होणारी उष्णताही सोसावी लागते. ट्रायल्सच्या ब्रेकला यांपैकी काहीच करावे लागत नाही. तो चालू किंवा बंद अशा दोनच अवस्थांत असतो. म्हणूनच जी गोष्ट रस्त्यावर दोष ठरेल, ती इथे गुण ठरते.

== घर्षणाचे गणित ==

खेळाडू आणि सायकल मिळून ७५ किलो वजन आहे आणि सारा भार मागच्या चाकावर घेऊन तो ३० अंशांच्या उतरत्या खडकावर उभा आहे असे समजू. उताराच्या दिशेने खेचणारे बल या वजनाच्या निम्मे, म्हणजे सुमारे ३६७ न्यूटन भरते. २६ इंची चाकाची टायरसह त्रिज्या सुमारे ३४ सेंटिमीटर आणि रिमवर ब्रेक टेकतो तेथील त्रिज्या सुमारे साडेसत्तावीस सेंटिमीटर धरली, तर चाक रोखण्यासाठी रिमवर साधारण ४५५ न्यूटन घर्षणबल लागते. घर्षणांक ०.५ असेल तर दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पॅडला सुमारे ४६ किलो वजनाइतका दाब द्यावा लागेल. घर्षणांक ०.८ झाला तर २९ किलो पुरतील. हा फरक शेवटी त्या एका बोटावर येतो. दोन मिनिटांच्या टप्प्यात ते बोट कित्येक डझन वेळा लिव्हर दाबत असते. उडी मारून उतरतानाचे धक्के या हिशेबात धरलेले नाहीत. ते याहून मोठे असतात.

गुळगुळीत धातू आणि रबर यांच्यातील घर्षण मुख्यतः दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटल्याने निर्माण होते. मध्ये पाण्याचा वा धुळीचा पातळ थर आला की ही चिकट पकड नाहीशी होते. खरवडलेल्या रिमवर असंख्य बारीक दाते तयार होतात. ते पाण्याचा थर भेदून पॅडच्या अंगात रुततात. चाक फिरायचे असेल तर पॅडचा तेवढा अंश कापला जावा लागतो. याच कारणाने खरवडलेली रिम ओल्या हवेत, चिखलात आणि धुळीतही बरीचशी सारखी वागते. ट्रायल्सचे खेळाडू ही उठाठेव करतात ती प्रामुख्याने या भरवशासाठी.

== कृती ==

चाकावरून टायर, ट्यूब आणि रिमच्या आतील पट्टी आधी काढून घेतात. हातातला अँगल ग्राइंडर आणि धातू घासण्याची जाड चकती एवढीच मुख्य सामग्री लागते. कापण्याची पातळ चकती या कामाला चालत नाही. ती खोल चर पाडते. चाक स्टँडवर किंवा उलट्या ठेवलेल्या सायकलच्या फ्रेममध्ये बसवून सावकाश फिरवत राहतात आणि फिरत्या चकतीची कड रिमच्या बाजूला ओझरती टेकवतात. प्रत्येक स्पर्श क्षणभराचा असतो. चकती एका जागी रेंगाळली तर तेथे खड्डा पडतो आणि ब्रेक लावताना चाक प्रत्येक फेऱ्यात त्याच ठिकाणी हिसका देते. जवळजवळ, आखूड आणि उथळ ओरखड्यांची एकसारखी नक्षी उमटली की काम साधले.

ओरखडे साधारणपणे रिमच्या परिघाला आडवे किंवा तिरपे असावे लागतात. परिघाच्या दिशेने जाणारे ओरखडे पॅडला वाट मोकळी करून देतात आणि अडवत नाहीत. अनुभवी खेळाडू ‘तीक्ष्ण’ आणि ‘बोथट’ असे दोन प्रकार मानतात. तीक्ष्ण नक्षी पाण्यात उत्तम पकडते, पण पॅड झपाट्याने खाते आणि ब्रेक लावताना मोठा खरखराट करते. बोथट नक्षीत पॅड टिकतो व पकड थोडी मऊ राहते. कानस किंवा पॉलिश पेपर वापरूनही रिम खडबडीत करता येते. परंतु त्याचा परिणाम अल्पजीवी असतो.

ॲल्युमिनिअम हा मऊ धातू आहे. लोखंडासाठी बनवलेल्या चकतीच्या रंध्रांत तो भरून बसतो. चकती तापते आणि क्वचित तडकून फुटते. ॲल्युमिनिअमसाठी म्हणून मिळणारी चकती घेणे, डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर मास्क लावणे आणि कीस साचू न देणे ही पथ्ये त्यामुळे अनिवार्य ठरतात. ॲल्युमिनिअमची बारीक भुकटी ज्वालाग्राही असते, म्हणून जेथे लोखंडाच्या ठिणग्या उडत असतील तेथे हे काम करू नये. काम झाल्यावर रिमच्या काठावरची धार काढून टाकतात, अन्यथा टायरची कड कापली जाते. कार्बन फायबरच्या रिमवर हा प्रयोग कधीही करू नये. तेथे कापले जातात ते भार पेलणारे तंतूच.

खरवडलेली रिम कायम तशी राहत नाही. दात्यांची टोके झिजतात, त्यांत पॅडचा चुरा भरतो आणि पकड ‘मरते’. रोज सराव करणाऱ्याला काही आठवड्यांतच रिम पुन्हा खरवडावी लागते, कधीमधी चालवणाऱ्याची रिम अनेक महिने टिकते.

== पॅड, ब्रेक आणि डांबर ==

ट्रायल्समध्ये दीर्घकाळ वापरला गेलेला ब्रेक म्हणजे जर्मनीच्या मागुरा कंपनीचा एचएस-३३. यात तारेऐवजी तेलाच्या दाबाने दोन छोटे दट्ट्ये दोन्ही बाजूंनी रिमवर दाबले जातात. खनिज तेलाऐवजी पाणी किंवा गोठणरोधक मिसळलेले पाणी भरले की लिव्हर अधिक चपळ होतो असा खेळाडूंचा अनुभव आहे. उत्पादकाचा मात्र तेलाचाच आग्रह असतो. दाब वाढला की फ्रेमचे दोन मागचे दांडे बाहेरच्या बाजूला फाकतात आणि बोटाचा जोर तेथेच वाया जातो, म्हणून दोन्ही दांड्यांना जोडणारी कमान वरून बसवतात. रिम कितीही उत्तम खरवडली तरी फाकणाऱ्या फ्रेमवर तिचा उपयोग अर्धाच होतो, हे नवशिक्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

खरवडलेल्या रिमसाठी साधे काळे रबर निरुपयोगी आहे. एका संध्याकाळी त्याचा भुगा होतो. त्यासाठी पॉलियुरेथेनसारख्या कठीण पण चिवट प्लास्टिकचे पॅड वापरले जातात. नवा पॅड रिमवर काही काळ घासून बसू द्यावा लागतो. त्याचा पृष्ठभाग रिमच्या नक्षीशी जुळल्याशिवाय खरी पकड येत नाही.

ज्यांना ग्राइंडर लावायचा नसतो ते डांबराचा आधार घेतात. छतावर वा रस्त्यावर वापरल्या जाणाऱ्या डांबराचा कोरडा खडा गुळगुळीत रिमवर हलकासा घासला की तिच्यावर चिकट पुट चढते. मऊ पॅडबरोबर हा उपाय कोरड्या दिवशी विलक्षण पकड देतो आणि तेवढाच कर्कश आवाज करतो. पावसाचे चार थेंब पडताच मात्र ही पकड नाहीशी होते. उन्हाळी देशांत डांबर आणि ओल्या देशांत ग्राइंडर अशी विभागणी केली तर ती फारशी चुकणार नाही. कोकणपट्टीला वर्षातून चार महिने दुसऱ्या वर्गात बसावे लागते.

== पाऊस आणि पोलादी रिम ==

रिमच्या पृष्ठभागाचा प्रश्न ट्रायल्सपुरता मर्यादित नाही. भारतातल्या सायकलस्वारांनी तो ‘पावसात ब्रेक लागत नाही’ या शब्दांत पिढ्यान्‌पिढ्या मांडलेला आहे. क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर ओल्या स्थितीत घर्षण किती घटते याचा अभ्यास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत डेव्हिड गॉर्डन विल्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुमारास केला. साध्या रबरी पॅडचा घर्षणांक ओल्या क्रोमवर कोरड्याच्या एकदशांशाच्याही खाली जातो असे त्यांना आढळले. हा आकडा रस्त्यावर मांडून पाहिला म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल कोरड्या दिवशी सव्वादोन मीटरांत थांबत असेल, तर ब्रेकची शक्ती एकदशांश झाल्यावर तिला थांबायला जवळजवळ बावीस मीटर लागतील. सव्वादोन मीटर म्हणजे सायकलच्या लांबीहून थोडे अधिक. बावीस मीटरांत एक चौक पार होतो.

यावर निरनिराळे उपाय योजले गेले. यूरोपात पोलादी रिमच्या बाजूंवर बारीक ठशांची नक्षी उमटवून त्या विकल्या जात. खरवडलेल्या रिमचे हे कारखान्यातले पूर्वज म्हणता येतील. फायब्रॅक्स या ब्रिटिश कंपनीने चामड्याचा थर बसवलेले पॅड काढले. चामडे पाणी शोषून ओल्या क्रोमवर रबरापेक्षा बरे पकडते. सर्वांत मोठा फरक घडला तो ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूच्या रिममुळे. ती हलकी असतेच, शिवाय ओली असतानाही पोलादापेक्षा कितीतरी चांगली पकड देते. तिच्या बाजू कारखान्यातच लेथवर छिललेल्या असतात आणि त्या छिलण्याच्या सूक्ष्म रेषा नव्या रिमवर बोटाने जाणवतात. फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९० च्या दशकात सिरॅमिकचा कठीण थर दिलेल्या रिम आणल्या व नंतर ‘एक्झालिथ’ नावाने खाचांचा काळा पृष्ठभाग असलेल्या रिम काढल्या. या दोहोंना त्यांच्यासाठी बनवलेलेच पॅड लागतात.

भारतातील जुन्या ‘काळ्या’ सायकलींची रचना निराळी होती. मुंबईत वरळीला तयार होणारी हिंद, सोनीपतची ॲटलास, लुधियानाची हिरो, आसनसोलची सेन-रॅले या सर्वांच्या साध्या सायकलींना दांड्यांचे ब्रेक असत. त्यांचे रबर रिमच्या बाजूला न टेकता आतल्या अंगाला, स्पोकच्या बाजूने वर ओढले जाई. चाक थोडे वाकडे झाले तरी असा ब्रेक अडत नाही, आणि रिम घासून तिची भिंत पातळ होण्याचा प्रश्नही येत नाही. पावसातली स्थिती मात्र तशीच, कारण रिम क्रोमचीच. (हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे १९८० मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले.) पुण्यातील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात अनेक जुन्या सायकली जवळून पाहता येतात, ब्रेकच्या रचनेत रस असणाऱ्याने तेथे एक दुपार काढावी.

== वसई परिसरातील संदर्भ ==

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत, वसई पूर्वेला असलेली एव्हरशाईन सिटी ही मोठी निवासी वसाहत. अशा वसाहतींत सायकलस्वार बहुधा शाळकरी मुले असतात आणि त्यांच्या सायकली बाजूने पकडणाऱ्या व्ही-ब्रेकच्या, जाड टायरच्या असतात. दिसायला त्या डोंगरी सायकली असतात. पण स्वस्त प्रतींमध्ये रिम पोलादाची आणि चकचकीत असते. म्हणजे जुन्या दांडी-ब्रेकचा दोष तसाच राहिला आणि वाकडे चाक चालवून घेण्याचा गुण तेवढा गेला. वसईत वर्षाला सरासरी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर कित्येक दिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर रस्त्यावर जो गाळ उरतो, तो रिम आणि रबर यांच्यामध्ये शिरून दोघांनाही घासतो.

वसई पूर्वेला वालीव, नवघर, गोलाणी या भागांत लहान कारखान्यांच्या वसाहती आहेत. ग्राइंडर ही तेथे दुर्मीळ वस्तू नव्हे. त्यामुळे ट्रायल्सच्या चित्रफिती पाहून आपल्या सायकलची रिम खरवडून घ्यावी असे एखाद्या मुलाच्या मनात आले तर साधने हाताशी आहेत. तसे करू नये, आणि त्याची कारणे स्पष्ट आहेत. पोलादी रिमवरचा क्रोमचा मुलामा अतिशय पातळ असतो. तो खरवडला की खालचे पोलाद उघडे पडते, आणि खाडी व समुद्र यांच्यामधल्या खाऱ्या हवेत पहिल्या पावसातच त्यावर गंज चढतो. गंजलेली रिम सुरुवातीला ब्रेक चांगला पकडते, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पुढे ती रबर खाते आणि भोकांपाशी कमकुवत होते. दुसरे कारण याहून गंभीर आहे. खरवडलेल्या रिमवर ब्रेक हळूहळू लागत नाही, एकदम लागतो. उभ्या सायकलीवर हेच हवे असते. पण वसई रोड स्थानकाजवळच्या उड्डाणपुलाचा उतार उतरताना पुढचे चाक असे जाम झाले तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाईल.

साध्या सायकलसाठी उपाय साधेच आहेत. रिम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी पुसावी. साखळीला तेल देताना उडालेला एक थेंबही ब्रेक निकामी करायला पुरतो. रबरात रुतलेले वाळूचे कण आणि धातूचे तुकडे टोकदार वस्तूने काढावेत. कडक झालेले रबर बदलावे. पावसात थांबण्याच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलका लावून ठेवावा, म्हणजे रिमवरचे पाणी निपटून निघते आणि नेमक्या वेळी पकड मिळते. खर्च शक्य असेल तेव्हा पोलादी रिम काढून ॲल्युमिनिअमची बसवून घ्यावी. कोणत्याही खरवडण्यापेक्षा या एका बदलाचा गुण अधिक येतो.

== झीज आणि रिम फुटणे ==

रिमची बाजू ही केवळ ब्रेकची जागा नसते. टायरमधली हवा तिला सतत बाहेर ढकलत असते. ३२ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये ६० पौंड हवा भरली तर टायरच्या कापडातला ताण ठोकळमानाने दर सेंटिमीटर लांबीमागे साडेसहा किलो वजनाइतका होतो, आणि तो रिमच्या काठाला ओढत राहतो. नव्या रिमची भिंत साधारणपणे दीड मिलिमीटर जाड असते. ती झिजून एक मिलिमीटरच्या खाली गेली की रिम बदलण्याची वेळ जवळ आली असे समजतात. न बदलल्यास एखाद्या दिवशी काठाची लांब पट्टी मोठा आवाज करून उखडते, ट्यूब फुटते आणि ती पट्टी फ्रेममध्ये अडकून चाक जाम होते. हे बहुधा ब्रेक लावतानाच घडते.

ग्राइंडरचा प्रत्येक फेरा ही झीज पुढे ढकलतो. ट्रायल्समध्ये टायर रुंद आणि हवा कमी असते, रिम जाड भिंतीच्या निवडल्या जातात आणि वेग जवळजवळ शून्य असतो, म्हणून तेथे हा धोका मर्यादित राहतो. वजन घटवण्यासाठी ट्रायल्सच्या रिमला मधोमध मोठी भोके पाडलेली असतात. ती मात्र बाजूंच्या भिंतींपासून दूर असतात. खरवडताना रिमच्या जोडापाशी हात हलका ठेवतात, कारण जोड वेल्ड केलेला नसून नुसता खिळीने जुळवलेला असेल तर तेथे कड वर-खाली झालेली असते आणि चकती नेमकी तेथेच अधिक धातू काढते.

झीज मोजण्याची सोय अनेक उत्पादक रिममध्येच करून ठेवतात. ब्रेकच्या पट्ट्यावर एक बारीक खाच किंवा टिंब असते; ते दिसेनासे झाले की रिम संपली. खरवडलेल्या रिमवर ही खूण पहिल्याच दिवशी पुसली जाते. अशा रिमची जाडी टायर काढून कॅलिपरने मोजावी लागते, आणि तीही खाचेच्या तळाशी. दात्यांच्या टोकांवर घेतलेले माप फसवे असते.

== डिस्क ब्रेकनंतर ==

डिस्क ब्रेकमध्ये पकड रिमवर नसून आसाजवळच्या लहान चकतीवर असते. १६० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर पॅड आसापासून सुमारे सात सेंटिमीटरवर टेकतात. २६ इंची रिमवर हेच अंतर साडेसत्तावीस सेंटिमीटर होते. म्हणजे तेवढ्याच परिणामासाठी डिस्कवर जवळजवळ चौपट घर्षणबल लागते. ते तेलाच्या दाबाने मिळते, पण तो सारा पीळ आसाकडून स्पोकमार्गे टायरपर्यंत जातो आणि स्पोक किंचित ताणले जातात. एका चाकावर उड्या मारणाऱ्याला तेवढा लवचीकपणाही खटकतो. उलट डिस्कला चाक वाकडे झाल्याचा, रिम चेपल्याचा वा चिखलाचा उपद्रव होत नाही. त्यामुळे दीर्घकाळ अनेक खेळाडूंनी पुढे डिस्क आणि मागे खरवडलेली रिम अशी जोडी ठेवली. २०१० नंतरच्या काळात वरच्या स्तरावरील स्पर्धांत दोन्ही चाकांना डिस्क असलेल्या सायकली वाढल्या. २० इंची सायकलींवर, जुन्या सायकली वापरणाऱ्यांत आणि स्वतःच्या हाताने दुरुस्ती करणाऱ्यांत रिम ब्रेक व त्याबरोबर ग्राइंडर आजही टिकून आहे.